नगरच्या उन्हातली हरितगृहे

अकोले तालुक्याचा घाटमाथ्याकडील भाग वगळला, तर अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा बहुतांश प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. त्यामुळे थोड्या पाण्यावर आणि थोड्या क्षेत्रात अधिक मोलाचे पीक काढण्याची निकड येथे जुनीच असून, हरितगृह, म्हणजेच शेतकऱ्यांच्या तोंडचे पॉलिहाऊस, हा तिच्यावरील एक उपाय आहे.

जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर साधारण 200 मायक्रॉन जाडीचा, अतिनील किरणांना तोंड देणारा प्लॅस्टिक कागद ताणून बसवला की हरितगृह उभे राहते. सूर्यप्रकाश या कागदातून आत येतो, मात्र तापलेल्या जमिनीतून निघणारी उष्णता तितक्या सहज बाहेर पडत नाही. युरोपातील थंड देशांत हीच अडकलेली ऊब पिकाला तारते; नगरच्या उन्हाळ्यात मात्र पारा चाळिशी ओलांडत असल्याने तीच घातक ठरते, म्हणून येथील रचनेत उष्णता बाहेर काढण्यालाच महत्त्व असते. त्यासाठी छताच्या माथ्याशी हवा जाण्यास मोकळी फट ठेवतात, बाजूंना कीडरोधक जाळी व गुंडाळता येणारे पडदे लावतात आणि दुपारी फॉगरमधून धुक्यासारखे बारीक तुषार सोडतात.

आत गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच व भुसभुशीत वाफे करून ठिबकद्वारे पाणी आणि विद्राव्य खते मोजून दिली जातात. पाऊस थेट पानांवर पडत नसल्याने काही बुरशीजन्य रोग कमी होतात व रंगीत ढोबळी मिरची, काकडी, जरबेरा, गुलाब यांसारख्या पिकांचा दर्जा एकसारखा राखता येतो. तथापि तेच पीक त्याच मातीत वारंवार घेतल्यास मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींचा उपद्रव वाढतो, तर प्लॅस्टिक कागद काही वर्षांनी बदलावाच लागतो.

राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातून मिळणाऱ्या अनुदानामुळे दहा-वीस गुंठ्यांवरही अशी गृहे उभी राहिली. परंतु अनुदानानंतरही उरणारा खर्च बहुधा कर्जातून भागवला जातो. शेतकरी संपाची ठिणगी 2017 मध्ये याच जिल्ह्यातील पुणतांब्यात पडली आणि त्यानंतर राज्यात दीड लाखांपर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली, मात्र पॉलिहाऊससाठी काढलेल्या मोठ्या कर्जांपुढे ही मर्यादा तोकडीच होती. पुढे 2020 च्या टाळेबंदीत मंदिरे व लग्नसमारंभ बंद झाल्याने फुलांची मागणीच आटली. प्लॅस्टिकच्या छताने ऊन, पाऊस आणि कीड काही अंशी आवरता येते, बाजारभाव आवरता येत नाही. म्हणून सांगाडा उभारण्याआधी माल कोठे, कोणत्या महिन्यात आणि किमान किती भावाने विकला तर हप्ता फिटेल, याचा हिशेब मांडणे हाच या तंत्राचा पहिला धडा ठरतो.