बादशहाच्या नाण्यावर निजामाचे अक्षर

हैदराबादच्या जुन्या घरांत सापडणारा चांदीचा रुपया बहुधा 'मोगल नाणे' म्हणूनच दाखविला जातो. त्यावरील नाव बादशहाचे असते हे खरे; परंतु तो पाडणारी सत्ता दिल्लीची असतेच असे नाही.

1724 साली साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर पहिला आसफजाह दख्खनचा प्रत्यक्षात स्वतंत्र धनी झाला. तरीही त्याने व त्याच्या वारसांनी 'दख्खनचे सुभेदार' हेच पद सांभाळले आणि सिक्का बादशहाच्या नावेच चालू ठेवला. अशा वेळी नाणे नेमक्या कोणत्या सुभेदाराचे, हे ठरवायचे कसे? प्राचीन काळी आर्मेनियाचा इराणी क्षत्रप तिरिबाझस याने पुढे किलिकियात पाडलेल्या नाण्यांवर त्याचे नावच अरमाइक लिपीत आहे. तेथे काम सोपे. निजामांनी मात्र केवळ एक अक्षर ठेवले : सिकंदरजाहचा 'सीन', नासिरुद्दौलाचा 'नून', अफझलुद्दौलाचा 'अलिफ'.

या अक्षराचे मोल दुसऱ्या अकबरशहाच्या नाण्यांवर विशेष कळते. हा बादशहा 1806 ते 1837 पर्यंत गादीवर होता; इकडे 1829 मध्ये सिकंदरजाह वारला व नासिरुद्दौला आला. ते हिजरी 1244 हे वर्ष. म्हणजे बादशहाचे नाव आणि सन दोन्ही स्वच्छ वाचता आले, तरी 1244 चा रुपया कोणाचा हे त्यांवरून सांगता येत नाही. ते 'सीन' किंवा 'नून' सांगतो. उलट बहादूरशहाच्या नाण्यावर 'नून' पुसट असला तरी फारसे अडत नाही, कारण 1837 पासून 1857 च्या मेपर्यंत निजाम एकच होता.

अडचण वेगळीच आहे. ठसा मोठा, चकती लहान. त्यामुळे कडेचा मजकूर कापला जातो. हैदराबादच्या टांकसाळीचे बिरुद 'फरखुंदा बुनियाद', तर औरंगाबादचे 'खुजिस्ता बुनियाद'. नुसता 'बुनियाद' शब्द उरला असेल, तर टांकसाळ ठरविण्याची घाई करू नये.

1857 नंतर बादशहाचे नाव गेले. त्याऐवजी 'निजाम-उल-मुल्क आसफजाह बहादूर' ही घराण्याची पदवी आणि 92 हा आकडा आला. अबजद पद्धतीने मीम 40, हे 8, मीम 40 व दाल 4 मिळून 'मुहम्मद' या नावाचे मूल्य 92 होते. वर्गात फळ्यावर मांडून दाखविण्याजोगी ही बेरीज आहे. अनेकजण हा आकडा सन समजतात. पदवी मात्र प्रत्येक निजामाची तीच, म्हणून अक्षराची गरज टळली नाही. पुढे चारमिनारच्या छापाच्या नाण्यांत ते मधल्या कमानीत बसले : महबूब अली खानांचा 'मीम', उस्मान अली खानांचा 'ऐन'.

बरकतपुऱ्याहून फार दूर नसलेल्या सैफाबादच्या जुन्या टांकसाळीत 2022 पासून संग्रहालय आहे. विद्यार्थ्यांना तेथे नेताना एक भिंग बरोबर ठेवावे, आणि बादशहाचे नाव वाचून झाल्यावर हे एक अक्षर शोधायला सांगावे.