विश्लेषण : गिरगाव-लालबागमध्ये जुने घर घेताय? खोलीआधी इमारत तपासा!

नव्या लाद्या, ताजा रंग आणि पाच मिनिटांवर स्टेशन. गिरगाव, दादर, परळ, लालबागमध्ये जुने घर पाहायला गेलेल्यांचे मन एवढ्यावरच बसते आणि टोकन दिले जाते. पण भिंतीला रंग विक्रेता देऊ शकतो. खांबाचे दुखणे मात्र खरेदीदाराच्या वाट्याला येते. म्हणूनच तपासणी खोलीपुरती नको, संपूर्ण इमारतीची हवी.

वयावरून अंदाज बांधता येतो का?

नाही. माझगावच्या बाबू गेनू मार्केटमधील पालिकेची इमारत 27 सप्टेंबर 2013 रोजी कोसळली आणि 61 जणांचा मृत्यू झाला. या इमारतीने जेमतेम तिशी ओलांडली होती. भेंडीबाजारातील हुसैनी इमारत शंभरी पार केलेली होती. 31 ऑगस्ट 2017 रोजी ती पडली, त्यात 33 जणांचा बळी गेला. वयाइतकीच देखभाल आणि आतील फेरफारही महत्त्वाचे ठरतात.

कोणते कागद मागावेत?

मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम 353 ब नुसार 30 वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. सोसायटीकडे हा अहवाल मागा आणि त्यातील श्रेणी पाहा. ‘सी-1’ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी. ‘सी-2 ए’मध्ये इमारत रिकामी करून मोठी दुरुस्ती करावी लागते, तर ‘सी-2 बी’मध्ये रिकामी न करता. ‘सी-3’मध्ये किरकोळ दुरुस्ती पुरते.

इमारत उपकरप्राप्त असेल, तर म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे चौकशी करा. पावसाळ्यापूर्वी जाहीर होणाऱ्या अतिधोकादायक इमारतींच्या यादीत तिचे नाव आहे का, तेही पाहा.

डोळ्यांनी काय पाहावे?

तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चालत जा. दुकानासाठी भिंत किंवा खांब तोडला आहे का? सामायिक शौचालयाखालच्या छताला ओल आहे का? काँक्रीट फुगून सळ्या उघड्या पडल्या आहेत का? लाकडी चाळीत तुळईची भिंतीत शिरणारी टोके नीट पाहा. ओल आणि वाळवी तिथेच लपते. एक फेरी भर पावसात मारा.

शंका आली, तर नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरला सोबत न्या. त्याचे शुल्क घराच्या किमतीपुढे नगण्य असते. विक्रेता तपासणीला नकार देत असेल, तर तोही एक इशाराच.

पागडीची खोली असेल तर?

मग तुम्ही मालक नव्हे, भाडेकरू होता. मालकाची लेखी संमती आणि तुमच्या नावे भाडेपावती मिळणार असेल, तरच पुढे जा. अशा व्यवहाराला बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत, हेही गृहीत धरा.

‘पुनर्विकास होणारच आहे’ म्हणतात, मग?

हे वाक्य अनेक चाळी वर्षानुवर्षे ऐकत आहेत. विकासकाशी झालेला करार, म्हाडाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि संक्रमण काळातील भाड्याची तरतूद कागदावर दाखवा, असे सांगा. कागद नसेल, तर पुनर्विकास होईपर्यंत आपल्याला याच छताखाली राहायचे आहे, असे समजूनच निर्णय घ्या.

थोडक्यात, आधी अहवाल, मग टोकन. घाई विक्रेत्याला असते. त्या छताखाली झोपायचे असते तुमच्या कुटुंबाला.