साथ करणारे यंत्र

उज्जैनसारख्या क्षेत्राच्या गावी, मद्य मिळणाऱ्या हॉटेलात, आठवड्यातून एक रात्र उभे राहून लोकांकडून सिनेमाची गाणी म्हणवून घेणे हा गाण्याच्या शिक्षकाला शोभणारा उद्योग नव्हे, हे माझ्या बहुतेक आप्तेष्टांनी मला सांगून झाले आहे. कार्तिक चौकातले एक वयोवृद्ध काका तर भर लग्नाच्या पंगतीत म्हणाले, “अरे, तुझे वडील दरबारात गायले आणि तू गुत्त्यात गातोस!” मी नम्रपणे सांगितले, “काका, मी गात नाही. लोकांना गायला लावतो.” या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी माझेही झाले नव्हते.

ज्याला कराओके म्हणतात तो प्रकार आता आपल्या घरांतही शिरला आहे. बारशाला, साठीशांतीला, सोसायटीच्या गणपतीत कोणी तरी ध्वनिवर्धक आणि पडदा घेऊन येतो; गाण्यातला गायकाचा आवाज वजा केलेले संगीत वाजू लागते, पडद्यावर शब्द उमटतात, जो शब्द म्हणायचा त्याचा रंग बदलतो, आणि एरवी चारचौघांत तोंड न उघडणारे भाऊजी रफी होतात. शब्द जपानी आहे. ‘कारा’ म्हणजे रिकामे, आणि ‘ओके’ हे ‘ऑर्केस्ट्रा’चे जपानी तोंडी पडलेले आखूड रूप. रिकामा वाद्यवृंद! वाद्ये सगळी आहेत, रिकामी आहे ती फक्त गाणाऱ्याची जागा.

या रिकाम्या जागेशी माझा संबंध आला तो २०२२ च्या पावसाळ्यात. माझा एक जुना विद्यार्थी इंदूर रस्त्यावरच्या एका हॉटेलात व्यवस्थापक झाला होता. हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर एका अंगाला जेवणाची टेबले, दुसऱ्या अंगाला बार. गुरुवारी गर्दी नसते, म्हणून मालकाने कराओके सुरू केले. पण जो तो उठून तीच पाच-सहा गाणी म्हणे. “गुरुजी, तुम्ही येऊन जरा शिस्त लावा,” असे तो म्हणाला. मानधन माझ्या दोन शिकवण्यांच्या फीइतके होते. मी गेलो तो मानधनासाठी, हे लपविण्यात अर्थ नाही.

शिस्त लावायची तर प्रत्येक संध्याकाळला विषय हवा. आपल्या भागात विषयांची वाण नाही. ३१ जुलै हा रफींचा स्मृतिदिन, ४ ऑगस्ट हा किशोरकुमारांचा जन्मदिवस, २७ ऑगस्टला मुकेश गेले, २८ सप्टेंबर लताबाईंचा. यांतले दोघे तर आपल्या अंगणातले. दोघेही १९२९ सालचे. एक खंडव्याचा, एक इंदूरची. किशोरकुमारांच्या समाधीवर चाहते आजही दूध-जिलबी घेऊन जातात, आणि इंदूरने लताबाईंचे जन्मगाव असल्याचा अभिमान कधी सोडलेला नाही. अशा तारखा संपल्या की मी पावसाची गाणी, गाडीतली गाणी, एकाच संगीतकाराची गाणी असे विषय काढी. आणि हळूच, कोणाच्या लक्षात येण्याआधी, एका रागाची संध्याकाळ घाली.

मालकंसाच्या संध्याकाळी ‘बैजू बावरा’तले (१९५२) नौशादांचे भजन कोणी तरी म्हणणारच. ते झाले की मी दोन मिनिटे बोलून घेई : या रागात रिषभ आणि पंचम नाहीत, शकीलचे शब्द, नौशादांची चाल, रफींचा गळा आणि गाणे हरीचे, याच चित्रपटात आपल्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँ आणि पंडित विष्णु दिगंबरांचे चिरंजीव द. वि. पलुसकर यांची जुगलबंदी आहे. समोर ग्लास धरून बसलेले लोक हे निमूटपणे ऐकत. माझ्या वर्गातली मुले इतके ऐकत नाहीत.

सगळे रीतसर चालले होते. पण एका रात्री माझ्या हातून जी चूक झाली, ती सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे.

ती लताबाईंच्या गाण्यांची संध्याकाळ होती. फ्रीगंजमधल्या एक निवृत्त शिक्षिका, वय पासष्टच्या पुढे, सुनेच्या आग्रहाने जेवायला आल्या होत्या. लहानपणी घरी पेटी होती, मेळ्यात गायल्या होत्या. सून म्हणाली, “आई, म्हणा ना एक.” पुष्कळ आढेवेढे घेऊन काकू उठल्या. मी यंत्रावर त्यांचे गाणे लावले. ध्रुपद चांगले झाले; सूर स्वच्छ, उच्चार जुन्या वळणाचे. अंतरा आला आणि वरच्या पंचमाला जाताना गळा फाटला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला तोवर संगीत पुढे निघून गेले होते. पडद्यावर शब्द रंग बदलत धावत होते आणि काकू मागे उभ्या होत्या. त्या हसल्या, माझ्या हातात माईक दिला आणि खाली बसल्या. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या कसल्या असतात हे गाणाऱ्याला कळते.

दोष त्यांच्या गळ्याचा नव्हता. ऐन उमेदीतल्या लताबाईंच्या पट्टीत पासष्ट वर्षांच्या बाईने गावे असे कोणत्या शास्त्रात आहे? नवा विद्यार्थी आला की मी पहिला प्रश्न ‘तुझी पट्टी कोणती?’ हा विचारतो. काळी एक, पांढरी दोन, काळी चार. ती सापडेपर्यंत दुसरे काही शिकवीत नाही. आणि त्या रात्री, समोर यंत्र आहे म्हणून, मी तो प्रश्न विचारला नाही. यंत्रात पट्टी बदलण्याची सोय होती. एका कळीचे काम होते.

घरी आल्यावर वडिलांची आठवण झाली. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. त्यांनी दरबारची चाकरी केली ती संस्थाने विलीन होण्यापूर्वीची अखेरची दोन-तीन वर्षे. मी पाहिले ते फक्त शिकवण्या करणारे वडील. पण दरबारातली एक गोष्ट ते नेहमी सांगत : गवई चुकला तर साथीदाराने त्याच्याबरोबर चुकावे. समेवर गवई उशिरा आला, तर तबलजीने समच तिथे आहे असे दाखवावे. ऐकणाऱ्याला कळता कामा नये, आणि नंतर गवयाला त्याबद्दल बोलता कामा नये. साथ याचा अर्थ त्यांच्या लेखी एवढाच होता. कराओकेचे यंत्र हे नेमके करीत नाही. ते कोणासाठी थांबत नाही.

मग मी या यंत्राचा जन्म कसा झाला ते शोधू लागलो, आणि जे सापडले त्याने मी चकित झालो. टोकियोच्या शिगेइची नेगिशी यांनी १९६७ साली असे एक यंत्र केले होते. पण जगभर नाव झाले ते कोबे शहरातल्या दाइसुके इनोउए यांच्या १९७१ सालच्या यंत्राचे. हे इनोउए कोण? तर बारमध्ये गाणाऱ्या गिऱ्हाइकांना वाद्यावर साथ करणारा वादक! एका कंपनीच्या प्रमुखांना त्यांच्याच साथीने गाण्याची सवय होती. हे गृहस्थ गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी सहलीला निघाले आणि त्यांनी इनोउएंना बरोबर बोलावले. इनोउएंना जाणे जमेना. म्हणून त्यांनी त्या गृहस्थांच्या गळ्याला आणि चालीला जुळेल अशी साथ फितीवर वाजवून दिली. त्यातून कल्पना निघाली. मोटारीतला टेपरेकॉर्डर, ध्वनिवर्धक आणि नाणे टाकायची पेटी जोडून त्यांनी अकरा यंत्रे केली आणि बारमालकांना भाड्याने दिली. एकस्व घेतले नाही. पैसा दुसऱ्यांनी केला. २००४ साली त्यांना अमेरिकेत गमतीने दिले जाणारे ‘इग नोबेल’ मिळाले, आणि तेही शांततेचे : माणसांना एकमेकांना सहन करायला शिकविल्याबद्दल! नेगिशी २०२४ च्या जानेवारीत गेले.

म्हणजे पहिली फीत एका माणसासाठी होती. त्याची पट्टी, त्याची लय, त्याच्या अडचणी ठाऊक असलेल्या साथीदाराने ती वाजवली होती. पुढे यंत्रे हजारोंनी निघाली, तेव्हा फीत सर्वांसाठी एकच झाली, आणि जो तो मूळ गायकाच्या पट्टीत ओढला जाऊ लागला. यंत्राचा दोष नाही. मधला साथीदार गळून पडला, हा दोष आहे. आणि त्या हॉटेलात ती जागा माझी होती.

पुढच्या रविवारी पेटी घेऊन मी काकूंच्या घरी गेलो. त्या संकोचल्या. “अरे, आता कसले गाणे! गळा गेला.” मी म्हटले, “काकू, गळा गेला नाही, खाली उतरला आहे. आपणही त्याच्याबरोबर उतरू.” मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा पाच पट्ट्या खाली आल्यावर त्यांचा अंतरा बिनबोभाट लागला. यंत्रात तेच करून पाहिले तर वाद्यांचे आवाज जाडे झाले, सतार तर घसा बसल्यासारखी वाजू लागली. तेव्हा ठरवले की काकूंना यंत्र नकोच. पेटी मी धरीन. तबल्याला कोण? मला एका काकांची आठवण झाली. दौलतगंजात राहणारे हे गृहस्थ वीस वर्षे ऑर्केस्ट्रांतून तबला-ढोलक वाजवीत. लग्नसराईत त्यांना उसंत नसे. मग हीच यंत्रे आली. आठ वादकांच्या जागी एक मुलगा आणि एक संगणक पुरू लागला. काका आता नातवाच्या दुकानात बसतात. ज्या यंत्राने त्यांचा धंदा बसवला त्याचाच सूत्रधार त्यांना बोलवायला गेला होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हातुडी शोधावी लागेल.”

त्या दिवसापासून दोन नियम केले. पहिला, एक वही : गाणाऱ्याचे नाव आणि पट्टी. आज तिच्यात साठ-सत्तर नावे आहेत आणि कोणालाही आधी विचारल्याशिवाय मी गाणे लावीत नाही. दुसरा, दर चौथी संध्याकाळ बिनयंत्राची. पेटी, तबला आणि गाणारा. यंत्रावर सराईत झालेले तरुण या संध्याकाळी गडबडतात, कारण पडद्यावर शब्द नसतात. पण मध्येच विसरले तर काका एक तिहाई घेऊन पुन्हा मुखड्यावर आणून सोडतात, आणि ऐकणाऱ्याला वाटते, असेच ठरले होते.

मग १ एप्रिल २०२५ उजाडला. मध्य प्रदेश सरकारने काही धार्मिक क्षेत्रांत दारूची विक्री बंद केली, आणि त्यांत महाकालाची ही नगरी होतीच. काळभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखविणाऱ्या गावातले बार एका दिवसात मिटले. निर्णयाच्या योग्यायोग्यतेत मी शिरत नाही. ज्यांच्या घरी या बाटलीने संसार मोडले त्यांच्यासमोर गाण्याची सबब सांगणे बरे नव्हे. पण आमच्या गुरुवारांचे काय? मालक म्हणाले, “गुरुजी, गाण्यावर हॉटेल चालत नाही.” त्यांचे खरे होते. अखेर तोड निघाली : गाणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने थाळी घ्यावी, दोन तास जागा मिळेल, आणि रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद. माझे मानधन अर्ध्यावर आले.

पहिल्या गुरुवारी अकरा माणसे होती. पूर्वीच्या मंडळींपैकी काही परत आलीच नाहीत. गाणे हे त्यांना चकण्याइतकेच होते. पण एक दुकानदार आले. दोन पेले झाल्याशिवाय ते कधी उभे राहिले नव्हते आणि उभे राहिले की मुकेश फार गोड म्हणत. तीन गुरुवार ते नुसते बसून राहिले. चौथ्या वेळी उठले. हात थरथरत होता, माईक दोन्ही हातांनी धरला होता. सूर मात्र पूर्वीपेक्षा जागेवर होता. आणि मग, जी घरे या जिन्याची पायरी चढली नसती, ती येऊ लागली : सासवा, सुना, शाळकरी मुले.

आपल्या मराठी घरांत गाण्याविषयी एक सोवळेपणा आहे. तो सर्वस्वी वाईट नाही. विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते गाण्याला प्रतिष्ठा यावी म्हणूनच, आणि तिच्यावरच माझ्यासारख्यांची पोटे चालतात. पण या प्रतिष्ठेपायी एक झाले : गाणे शिकलेल्यांनीच गावे, बाकीच्यांनी ऐकावे, अशी वाटणी झाली. ओसरीवरची पेटी माळ्यावर गेली. कोणी गुणगुणले तर ‘सूर बघ’ म्हणून आपणच त्याला गप्प केले. ती माणसे मग हॉटेलात जाऊन अंधारात गाऊ लागली, तर नवल कसले?

मागच्या महिन्यात बिनयंत्राच्या संध्याकाळी काकू पुन्हा गायल्या. अंतऱ्यात एक ओळ त्यांना आठवेना. तबल्याचा ठेका तसाच फिरत राहिला. मी पेटीवर तीच सुरावट पुन्हा वाजवली. तीन आवर्तने गेली. मग ओळ आठवली. गाणे संपल्यावर त्या मला म्हणाल्या, “थांबलास रे!”

कार्तिक चौकातले काका त्या दिवशी शेवटच्या टेबलावर थाळी घेऊन बसले होते. माझ्याशी बोलले नाहीत. निघताना वहीपाशी आले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, “माझे नाव लिही. पट्टी तू ठरव.”