शर्यतीनंतरचे आयुष्य : निवृत्त अश्वांचे पुनर्प्रशिक्षण

मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर धावणारा घोडा प्रेक्षकांच्या नजरेत राहतो तो फार तर चार-सहा वर्षे. थरोब्रेड जातीचा हा घोडा वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शर्यतीत उतरतो आणि वेग मंदावला किंवा पाय दुखावला की मैदानाबाहेर पडतो. घोड्याचे आयुर्मान मात्र साधारणतः पंचवीस ते तीस वर्षांचे असते. म्हणजे शर्यत संपल्यानंतर त्याच्यापुढे पंधरा-वीस वर्षांचा काळ शिल्लक असतो. हा काळ उपेक्षेत जावा की उपयुक्त कार्यात, हा प्रश्न घोडा पाळणाऱ्या प्रत्येकाने विचारात घेण्याजोगा आहे.

या घोड्यांपैकी काही प्रजननासाठी जातात, काही रायडिंग क्लबमध्ये येतात, तर काही थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांच्या सेवेत दाखल होतात. मुंबईत 1942 साली स्थापन झालेल्या अमॅच्युअर रायडर्स क्लबसारख्या संस्थांत शर्यतीतून आलेल्या घोड्यांवर अनेकांनी अश्वारोहणाचे पहिले धडे गिरवले आहेत. ब्रिटनमध्ये या कार्यासाठी 2000 साली स्वतंत्र धर्मादाय संस्था स्थापन करण्यात आली. 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये अडथळे ओलांडण्याच्या वैयक्तिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या विल्यम स्टाइनक्राउस यांचा ‘स्नोबाउंड’ हा घोडाही पायाच्या दुखापतीमुळे शर्यतीतून बाहेर पडलेला होता. शर्यत संपली म्हणजे घोडा निकामी झाला, ही समजूत चुकीची असल्याचे यावरून दिसून येते.

जुन्या सवयी, नवे काम

तथापि, शर्यतीचा घोडा थेट सवारीस घेणे धोक्याचे ठरते. त्याचा स्वभाव वाईट असतो असे नव्हे. त्याला शिकवलेली भाषाच निराळी असते. जॉकी आखूड रिकिबीत पाय ठेवून पाठीच्या वर उचललेला असतो. त्यामुळे मांड टाकून बसलेल्या स्वाराचे पूर्ण वजन पाठीवर घेण्याची आणि पोटऱ्यांचा इशारा ओळखण्याची सवय घोड्याला नसते. लगाम ताणला की तोंडाने त्यावर भार टाकून अधिक जोराने धावावे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. नवखा स्वार घाबरून लगाम खेचतो. घोडा त्याचा अर्थ ‘धाव’ असा घेतो आणि अपघात घडतो. जॉकीला मोतद्दार हात देऊन पाठीवर चढवतो, तेही बहुधा घोडा चालत असताना. त्यामुळे स्वार चढेपर्यंत स्थिर उभे राहणे ही साधी गोष्टही त्याला नव्याने शिकवावी लागते.

प्रथम विश्रांती

पुनर्प्रशिक्षणाची पहिली पायरी म्हणजे काही महिन्यांची विश्रांती. शर्यतीच्या काळात घोडा दिवसाचा बहुतेक वेळ पागेत बंद असतो आणि त्याला भरपूर धान्याची चंदी मिळते. आता त्याला मोकळ्या आवारात, शक्यतो दुसऱ्या घोड्याच्या सोबतीने सोडावे. चंदी हळूहळू कमी करून गवत व सुका चारा वाढवावा. हा बदल एकदम केल्यास पोटशूळ उठतो, आणि घोड्याला ओकारी होत नसल्याने तो जिवावर बेतू शकतो. साडेचारशे ते पाचशे किलो वजनाच्या घोड्याला दररोज नऊ-दहा किलो कोरडा आहार आणि पंचवीस ते पन्नास लिटर स्वच्छ पाणी लागते. शर्यतीचे हलके नाल काढून खुरांची निगा दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंदाकडून करून घ्यावी. दातांची वार्षिक तपासणी आणि धनुर्वाताची लसही टाळू नये. पायाची मुख्य शीर दुखावलेली असल्यास ती भरून येण्यास नऊ महिने ते वर्ष लागते. वरची सूज उतरली म्हणून कामास जुंपणे हे पुन्हा लंगडेपणा ओढवून घेण्यासारखे आहे.

मग शिक्षण

यानंतर जमिनीवरून शिक्षण सुरू करावे. लांब दोरीवर दोन्ही बाजूंनी गोल फिरवणे, म्हणजेच कावा देणे, यातून घोड्याला तोल सांभाळण्याची आणि आवाज ऐकण्याची सवय लागते. नंतर अनुभवी स्वाराने कदम चाल, थांबणे व वळणे पक्के करावे. दुडकी चाल त्यापुढे आणि चौखूर धाव सर्वांत शेवटी. रोज अर्धा-पाऊण तास पुरेसा होतो. वाहनांचे भोंगे, गर्दी, छत्र्या यांची ओळख शांत घोड्याच्या संगतीत करून द्यावी. या शिक्षणास कित्येक महिने, काही घोड्यांच्या बाबतीत वर्षही लागते. खच्ची न केलेला नर किंवा पाठीचे जुनाट दुखणे असलेला घोडा नवशिक्यांच्या हाती देऊ नये.

मालकाची जबाबदारी

निवृत्त घोडा स्वस्तात मिळतो. त्याला पोसणे मात्र स्वस्त नसते. खरेदीपूर्वी पशुवैद्यकाकडून पाय, पाठ व श्वसनाची तपासणी करून घ्यावी आणि ओळखपत्र व मालकी हस्तांतराची कागदपत्रे ताब्यात घ्यावीत. घोड्यापासून माणसालाही होऊ शकणाऱ्या ग्लँडर्स रोगासाठी रक्ततपासणी आवश्यक आहे. नाकातून चिकट स्राव किंवा कातडीवर गाठी व व्रण आढळल्यास घोडा वेगळा बांधून तातडीने पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमानुसार आजारी किंवा जखमी जनावराकडून काम करून घेणे आणि त्याला बेवारस सोडून देणे, हे दोन्ही अपराध आहेत.

माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी यांसारख्या ठिकाणी घोड्यावर अनेक कुटुंबांची उपजीविका चालते. तेथे पाणपोई, सावली, तपासणी शिबिरे आणि नालबंदाची सोय यांसाठी स्थानिक संस्थांनी पुढाकार घेतल्यास घोडा, मालक आणि पर्यटक या तिघांचेही हित साधेल. शिक्षकांनीही सहलीच्या वेळी लंगडणाऱ्या, पाठ सोललेल्या घोड्यावर मुलांना बसविण्याचे नाकारावे. या घोड्याने आपली उमेदीची वर्षे माणसाच्या करमणुकीसाठी वेचलेली असतात. त्याला नवे काम शिकविण्यासाठी वर्षभर धीर धरणे हे त्याच्या उरलेल्या आयुष्याच्या मानाने अल्प मोल आहे.