सागरापार नेलेली मायबोली

घाट चढून कोल्हापूरच्या वाटेने असो वा बंदरावर आगबोट धरून असो, मुंबईस चाकरीला गेलेला आमच्या फोंडाघाटाकडचा माणूस आपले गाव बरोबर नेतो ते आडनावात आणि बोलीत. म्हणूनच केहीमकर, राजपूरकर, दिवेकर ही आडनावे बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातील यहुद्यांची आहेत हे कळताच आमचा आप्तभाव दुणावतो.

कोकणातील नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले व त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी या समाजाची परंपरा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील ‘शनवार तेली’ पुढे मुंबईस आले, आणि सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 साली तेथे त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. मिशनऱ्यांच्या शाळांतून लाभलेली अक्षरविद्या त्यांनी स्वधर्माच्याच सेवेस लावली. यहुद्यांच्या वल्हांडण सणाची ‘हग्गादा’ ही सचित्र पोथी हिब्रू व मराठीत पुण्यास 1874 साली छापली गेली, ती याची साक्ष होय.

ग्रंथामागून नियतकालिके आली. 1916 साली ‘फ्रेंड ऑफ इस्रायल’, 1917 साली इंग्रजी-मराठी ‘इस्रायलाइट’, आणि त्याच वर्षी रिबेका रूबेन यांचे वार्षिक निघाले. अमेरिकेतील यहुद्यांतही असेच घडले होते: सॉलोमन जॅक्सन यांनी 1823 साली न्यूयॉर्कमध्ये ‘द ज्यू’ काढले ते मिशनऱ्यांच्या प्रचारास उत्तर म्हणून, आणि 1897 साली तेथेच निघालेल्या ‘फोरव्हर्ट्स’ या यिद्दिश भाषेतील वृत्तपत्राने 1906 पासून वाचकांची पत्रे व त्यांस संपादकीय उत्तरे छापून, नव्या मुलखात गोंधळलेल्या स्थलांतरितास घरातील वडीलधाऱ्याचा आधार दिला. विखुरलेल्या लहानशा समाजाला वर्तमानपत्र हे चावडीसारखे असते. तेथे वाद होतात, परंतु वाद घालण्यास सारे एकत्र येतात, हेच त्याचे मोल.

1948 नंतर बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायलास गेले. तेथे त्यांच्या यहुदीपणाविषयीच धर्मपीठाने शंका घेतली, आणि 1964 साली संसदेने त्यांस पूर्ण यहुदी म्हणून मान्यता देईपर्यंत त्यांना झगडावे लागले. ज्या भूमीला आपली म्हणून गेले, तिने असा दाखला मागितला; तरीही विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात या लोकांनी तेथे ‘मायबोली’ हे मराठी त्रैमासिक सुरू केले. स्वधर्माच्या देशी पोहोचल्यावरही ज्यांना आपली मुळाक्षरे टाकवली नाहीत, त्यांच्या या पत्राचा मान प्रत्येक मराठी ग्रंथालयाने राखावा, असे मला मनःपूर्वक वाटते.