समाजमाध्यमे आणि कुमारवयीनांचे मनःस्वास्थ्य

समाजमाध्यमांचा कुमारवयीन मुलामुलींच्या मनःस्वास्थ्यावर काय परिणाम होतो, या प्रश्नाचा विचार बहुधा वापराचे तास मोजून केला जातो. हे माप अपुरे आहे, असे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. वस्तुनिष्ठ मापदंड उपलब्ध नसेल तेव्हा मनुष्य आपली मते व क्षमता इतरांशी, विशेषतः आपल्यासारख्यांशी, ताडून पाहतो, हे त्याचे सार होय. वर्गातील सोबत्यांशी अशी तुलना पूर्वीही होतच असे. परंतु शाळा सुटली की ती थांबे आणि तिचा निकालही संदिग्ध राही. समाजमाध्यमांनी तिची ही मर्यादा नाहीशी केली व निकालाला ‘लाइक’च्या रूपाने आकडा दिला. लॉरेन शर्मन व त्यांचे सहकारी यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पुष्कळ ‘लाइक’ असलेली छायाचित्रे पाहताना कुमारवयीनांच्या मेंदूतील सुखद फळाशी निगडित भाग अधिक क्रियाशील झाल्याचे आढळले.

याउलट, एमी ऑर्बेन व अँड्र्यू प्शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये ३,५५,३५८ कुमारवयीनांच्या माहितीचे विश्लेषण केले, तेव्हा डिजिटल साधनांच्या वापराने मानसिक स्वास्थ्यातील फरकाचा फार तर ०.४ टक्के भाग स्पष्ट होतो, असे दिसले. मग पालकांची चिंता निराधार समजावी काय? तसे म्हणता येत नाही. सरासरीमध्ये एकाचा लाभ व दुसऱ्याची हानी परस्परांत विरून जातात. ऑर्बेन यांच्याच २०२२ च्या अभ्यासात, ब्रिटनमधील मुलींच्या बाबतीत ११ ते १३ व मुलांच्या बाबतीत १४ ते १५ या वयांतील वाढलेल्या वापराचा संबंध वर्षभरानंतरच्या घटलेल्या जीवनसमाधानाशी आढळला. २०२१ मध्ये उघडकीस आलेल्या फेसबुकच्या अंतर्गत पाहणीत ३२ टक्के कुमारवयीन मुलींनी सांगितले होते की, आपल्या शरीराविषयी वाईट वाटत असता इन्स्टाग्राममुळे ती भावना अधिकच बळावते.

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी आहे. हा कायदा वयाचा विचार करतो. परंतु कोण, कोणत्या मनःस्थितीत, कोणाशी स्वतःची तुलना करतो, हे प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहतात. आपल्याकडील संशोधकांनी प्रश्नावलीत तासांचा रकाना अवश्य ठेवावा. मात्र तेवढ्यावर थांबल्यास, ज्या मुलीला साहाय्याची खरी गरज आहे, नेमकी तीच सरासरीत हरवून जाईल.