लीड्सचं वार्तापत्र : लोणी खायला सांगणारी भाची

भाची डायटिशियन व्हायला लीड्सला आली हे कळल्यापासून ठाणे, डोंबिवली आणि सांगलीच्या आमच्या समस्त नातेवाइकांना तिच्याकडून एकच गोष्ट हवी आहे: पोट कमी करायचा तक्ता. एक काका तर विमानतळावर तिच्या सामानाचं वजन होत असताना स्वतःचं वजन सांगून मोकळे झाले. या मंडळींसाठी मुद्दाम लिहिते आहे. ती सध्या रोज सकाळी वॉर्डात जाते आणि माणसांना लोणी खायला सांगते.

इथल्या सरकारी रुग्णालयांत दाखल झालेल्या माणसाचं ‘मस्ट’ नावाचं गुणांकन करायची पद्धत आहे. उंचीच्या मानाने वजन किती, गेल्या तीन ते सहा महिन्यांत ते आपोआप किती उतरलं आणि आजारामुळे पाच दिवसांहून जास्त काळ पोटात काही जाणार नाही अशी अवस्था आहे का, एवढंच बघतात. दोन गुण झाले की डायटिशियनच्या नावाने चिठ्ठी जाते. श्रीमंत देशातल्या रुग्णालयात डायटिशियनचं मोठं काम उपासमारीशी असेल, हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. पण एकटे राहणारे, दात गेलेले, बायको गेल्यावर चहा-बिस्किटावर दिवस काढणारे यॉर्कशायरचे म्हातारे वॉर्डावॉर्डांत पडलेले असतात. त्यांच्यासाठी कुस्करलेल्या बटाट्यात लोणी, सूपमध्ये साय आणि साध्या दुधात दुधाची पावडर, असा बेत आखला जातो. ‘‘मावशी, आज एका आजोबांना मी दिवसातून दोनदा कस्टर्ड लिहून दिलं,’’ असं ती सांगते, तेव्हा ठाण्याला आमच्या ताईचा जीव कासावीस होतो. एवढे पैसे भरले ते कस्टर्डसाठी का?

मग मी ताईला दुसरी गोष्ट सांगते. एक गृहस्थ कित्येक दिवस जवळजवळ काही न खाता घरात पडून होते. वजन जेमतेम ४५ किलो. आपण काय केलं असतं? गरम वरणभात, वर तूप, आणि ‘खा हो पोटभर’. इथे भाचीला पहिल्या दिवसाचा हिशेब मांडायला सांगितला, तो निघाला किलोमागे १० कॅलरी, म्हणजे दिवसभरात साडेचारशे. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतं, हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांना सुटकेनंतर जेवायला घातल्यावर हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं. म्हणून आधी थायमिन, रोज रक्ततपासणी आणि चमच्याचमच्याने वाढ. भुकेल्याला पोटभर वाढण्यातच पुण्य आहे असं मानणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला हे गिळायला जड गेलं. आणि हा हिशेब चुकला तर जाब तिच्या वरिष्ठ डायटिशियनला द्यावा लागतो, डॉक्टरांच्या आड लपता येत नाही.

मला हेवा वाटतो तो या जाबाचा. इथे डायटिशियन ही कायद्याने राखलेली पदवी आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या, म्हणजे एचसीपीसीच्या, नोंदवहीत नाव नसताना स्वतःला डायटिशियन म्हणवून घेणं हा गुन्हा आहे. नोंदवही सगळ्यांना खुली आहे. नाव टाकायचं आणि बघायचं. दर दोन वर्षांनी नूतनीकरण होतं, आणि त्या वेळी अडीच टक्के लोकांची नावं चिठ्ठी काढल्यासारखी निवडून ‘मधल्या काळात नवीन काय शिकलात’ याचे पुरावे मागवतात. अनुभवी डायटिशियनना २०१६ पासून, जादा प्रशिक्षण घेतल्यावर, डॉक्टरांशी ठरवलेल्या चौकटीत औषधंही लिहून देता येतात. १९२४ मध्ये एडिंबराच्या रॉयल इन्फर्मरीत रूथ पायबस या परिचारिकेने हे काम सुरू केलं, तिथपासूनची ही वाटचाल.

आपल्याकडे काय? इंडियन डायटेटिक असोसिएशन १९६३ पासून आहे, तिची आरडी, म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियन, ही परीक्षा आहे, रुग्णालयात उमेदवारी आहे. हे सगळं करणाऱ्या मुली इथल्या मुलींपेक्षा तसूभर कमी नाहीत. पण आरडी असण्याची सक्ती कोणाला होती? संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला, त्यात आहारतज्ज्ञही आले. परिषदा, नोंदवह्या यांचं गाडं हळूहळू पुढे सरकतं आहे. तोवर जिममधला मुलगा डायटिशियन, पावडरचे डबे विकणारी शेजारीण डायटिशियन आणि ज्यांनी स्वतः वीस किलो कमी केलं ते तर महाडायटिशियन. भाचीने मुंबईत बीएस्सी करताना ‘म्हणजे स्वयंपाकाचंच ना?’ हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी ती हो म्हणायला लागली. उमेदवारीत तिने एका रुग्णालयात महिनोन्‌महिने काय केलं, तर ताटं मोजली. बिनमिठाची अमुक, मधुमेहाची तमुक. रुग्णाशी बोलायची वेळ आलीच, तर डॉक्टरांनी ‘तेलकट-तुपकट बंद’ एवढ्यात विषय संपवलेला असे. इथे नव्या रुग्णाला अर्धा-पाऊण तास मिळतो. आणि विद्यार्थिनीने काहीही सुचवलं की वरिष्ठ बाई शांतपणे विचारतात, ‘कशावरून?’

म्हणून इथलं सगळं गोड आहे असं समजू नका. याच गावातल्या दुकानात एक ‘न्यूट्रिशनिस्ट’ बसतो आणि हिरवी पावडर विकतो. त्याला कायदा हात लावत नाही, कारण राखलेली आहे ती फक्त डायटिशियन ही पदवी. आणि ज्या देशात गिळायला त्रास होणाऱ्यांच्या अन्नाच्या शून्य ते सात अशा पायऱ्या ठरवल्यात, त्या देशात बाळंतिणीला पहिलं खाणं काय मिळतं? चहा आणि टोस्ट. शेजारच्या पंजाबी मुलीला तेच मिळालं आणि ती कौतुकाने सांगत होती, काय छान लागला म्हणून! मी दुसऱ्या दिवशी अळिवाचे लाडू घेऊन गेले. नर्सबाईंनी हे काय, यात काय काय आहे, असं विचारलं आणि मी सांगितल्यावर स्वतःच एक खाल्ला.

त्या शून्य ते सात पायऱ्यांनी तर माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आहे. पातळ पदार्थ सुई काढलेल्या इंजेक्शनच्या नळीत दहा मिलिलिटर भरायचा, दहा सेकंद वाहू द्यायचा आणि किती उरला ते पाहायचं. माझी आमटी या परीक्षेला दोनदा बसली. पाचव्या पायरीवरच्या अन्नाचा कण काट्याच्या दोन दात्यांमधून, म्हणजे साधारण चार मिलिमीटरच्या फटीतून, जायला हवा. मऊ भात चिकट झाला म्हणून नापास, ताक घालून घोटल्यावर पास. लकवा झालेल्या आजोबांना आमच्या आजीने वर्षभर तोच भात भरवला होता, काटा-बिटा काही न लावता. तिला कोणी प्रमाणपत्र दिलं नाही. इथे प्रमाणपत्रं आहेत, पण भरवायला नात्यातलं माणूस नाही, आणि घरून डबा आणला तर बऱ्याच वॉर्डांत तो गरम करून देत नाहीत.

मधुमेहाच्या ओपीडीत एका गुजराती आजींच्या हातातल्या कागदावर ‘दोन चपात्या’ असं छापलेलं होतं. भाचीने विचारलं, केवढ्या? वरिष्ठ बाई गप्प. आजींनी दोन्ही हातांनी आकार दाखवला, तो परातीएवढा. मग फुलका, रोटला, पराठा असं सगळं कागदावर काढून झालं. दक्षिण आशियाई माणसाला धोका २३ बीएमआयलाच सुरू होतो आणि २७.५ ला तो जास्त, हे इथली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पण रोटल्यात पीठ किती, हे त्यांना सांगायला आपलीच मुलगी लागते.

आता कामाचं. भाचीच्या ओळखीतल्या दोन मुली मोठी फी भरून इथे ‘ह्यूमन न्यूट्रिशन’चं एमएस्सी करून बसल्या आहेत आणि त्यांना डायटिशियन म्हणून काम करता येत नाही. अभ्यासक्रम चांगला, पण एचसीपीसीच्या मान्यतेचा नाही. त्यात रुग्णालयातली उमेदवारी नाही, म्हणून नोंदणीही नाही. एजंटने हे सांगितलं नव्हतं. मुलीला इथे पाठवायचं असेल तर पदवीच्या नावात डायटेटिक्स आहे का ते बघा, मग एचसीपीसीच्या संकेतस्थळावर मान्य अभ्यासक्रमांच्या यादीत ते विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम शोधा. इंग्लंडच्या विद्यार्थ्यांना मिळणारं वर्षाला ५,००० पौंडांचं सरकारी अनुदान आपल्या मुलींना मिळत नाही, तेही हिशेबात धरा. भारतातली पदवी आणि अनुभव पुरेसा असेल तर इथे पुन्हा न शिकता थेट नोंदणीसाठी अर्ज करता येतो. त्याला आयईएलटीएसमध्ये एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ पेक्षा कमी नाही, एवढं इंग्रजी लागतं. आधी हा दुसरा रस्ता तपासा, फी नंतर भरा.